पट्टीखालचा डोळा

भिंगताईचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवतं की नाही, शंकाच आहे. गल्लीत, बाजारात, फोनवर, सगळीकडे ती भिंगताईच. काम असं, की ऐकणारा आधी हसतो. मोठ्या माणसांनी हौसेने जमवलेले बाहुले ती पारखते. मारामारीच्या व्हिडिओ गेममधले पहिलवान, तलवारवाले, तळहातातून आग फेकणारे. वीतभर उंचीचे, सांध्यासांध्यात वळणारे. मालक मंडळी त्यांना काचेच्या कपाटात ठेवतात आणि पोटच्या पोरालाही हात लावू देत नाहीत. बाहुला खरा की नकली, हात मूळचा की दुसऱ्या कुणाचा डकवलेला, असं काही अडलं की मात्र भिंगताईचा जिना चढून येतात.

"बाकीच्या बायका माणसांची उणीदुणी काढतात, आमची बाहुल्यांची काढते," असं तिचा नवरा येईल त्याला सांगतो आणि चहा टाकायला जातो.

हे वेड तिला लागलं खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात. तिथे ती तक्रारीच्या खिडकीत बसायची. दिवसभर समोर मोडलेले पाय, निखळलेली मुंडकी आणि त्यांच्यामागे तावातावाने बोलणारे आईबाप. आईबापांचं ती ऐकून घ्यायची, पण बघायची बाहुल्याकडे. हळूहळू तिला कळायला लागलं, की साच्यातून निघालेली वस्तूही दुसऱ्यासारखी तंतोतंत नसते. कुठेतरी कुणाचा तरी हात लागलेला असतोच. दुकान बंद पडलं, खिडकी गेली, नजर राहिली. आता चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, एक दिवा, कापसाचे बोळे, छोटा वजनकाटा आणि ते भिंग, एवढ्यावर तिचा संसार चालतो. जीभ तिखट आहे. "नकली आहे. पोराला द्या, निदान तो तरी खेळेल," असं तिने भल्याभल्यांना तोंडावर सुनावलंय.

एका दुपारी एक आजी जिना चढून आली. दर पायरीला थांबत असावी, कारण पावलं वाजायला लागल्यापासून दारात दिसेपर्यंत भिंगताईचा चहा पिऊन झाला होता. आजीने पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि तान्ह्या मुलाला ठेवावं तशी टेबलावर ठेवली. आत एक पहिलवान निघाला. उघडी छाती, मुठी आवळलेल्या, एका डोळ्यावर काळी पट्टी. खेळणारे त्याला नुसतं काण्या म्हणत.

"बाजारातला विकणारा म्हणाला खोटा आहे," आजी दम खात म्हणाली. "खोक्यावरच्या चित्रात पट्टी डाव्या डोळ्यावर आहे, आणि याची उजव्यावर."

भिंगताईने भिंग उचललंसुद्धा नाही. "त्याला म्हणावं, चुकलीय म्हणूनच खरा आहे."

आजीला काही कळेना. मग भिंगताईने समजावलं. जुन्या गेममध्ये गड्याचं चित्र एकाच बाजूने काढलेलं असायचं. उडी मारून तो पलीकडे गेला, की तेच चित्र आरशात दिसावं तसं उलटं व्हायचं, आणि पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायची. हा बाहुला घडवणाऱ्याच्या हातात नेमकं उलटं चित्र पडलं. पहिली खेप उजव्या डोळ्याची पट्टी घेऊन बाहेर पडली, मग बोंबाबोंब झाली, मग पट्टी डावीकडे आली. नकली करणारे खोक्यावरचं चित्र बघून करतात, त्यामुळे ते ही चूक कधीच करत नाहीत.

"आजी, कपाट असेल तर कुलूप लावा," ती म्हणाली. "असा नग हल्ली बघायलासुद्धा मिळत नाही."

दुसरं कुणी असतं तर आनंदाने उडालं असतं. आजी तशीच बसून राहिली.

"ते नव्हतं विचारायचं मला," ती म्हणाली. "हा यांच्या हातचा आहे का, ते सांगशील?"

'हे' म्हणजे आजीचे यजमान. ते बाहुल्यांच्या कारखान्यात होते. हात रंगवणारे वेगळे, कपडे रंगवणारे वेगळे. यांच्याकडे फक्त डोळे. उभा जन्म माणसाने डोळे काढले. पण संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची, त्यामुळे मोडका अंगठासुद्धा कधी घरी आला नाही. आता ते गेले होते, आणि घरात त्यांचा चष्मा होता, छत्री होती, पण त्यांच्या हातचं काहीच नव्हतं. काण्या त्यांनी रंगवला होता, एवढं बोलण्यातून आजीला माहीत होतं. जुन्या बाजारात तो दिसला आणि तिने उचलला.

भिंगताईने आता भिंग घेतलं. पट्टी नसलेला तो डोळा तिने मघाशी नुसता बघितला होता, आता वाचायला घेतला. केसाएवढी पापणीची रेघ. ब्रश जिथे टेकतो तिथे रंग दाट पडतो, सुटतो तिथे विरतो. इथे रेघ उजवीकडे दाट होती आणि डावीकडे विरत गेली होती.

"तुमचे हे डावखुरे होते?"

आजी एकदम ताठ बसली. "होते! पण..." आणि पुन्हा खांदे पडले. "डावखुरे दोघं होते गं. कोपराला कोपर लागू नये म्हणून दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं. तो दुसरा यांच्याच हाताखाली शिकलेला. अगदी यांच्यासारखं काढायचा."

आतून नवऱ्याने विचारलं, "साखर किती?"

"एक सांगू?" आजी म्हणाली. "साहेब यांना सारखा ओरडायचा. म्हणे, पट्टीखाली झाकला जाणार तो डोळा तू कशाला रंगवत बसतोस? बाकी सगळे, तुझा तो चेलासुद्धा, कोरा सोडतात. हे घरी येऊन रागारागाने जेवायचे. म्हणायचे, त्याला कळत नाही."

भिंगताईने बाहुला खाली ठेवला. पट्टी कातड्यासारख्या पातळ तुकड्याची होती, कारखान्यातच चिकटवलेली. ती काढायची म्हणजे नग बाद. जमवणाऱ्यांच्या लेखी तो मेलाच. आणि खाली कोरं निघालं, तर आजीच्या हाती आज जी 'असेल' ही आशा होती, तीही जाणार होती. हे सगळं तिने सांगितलं. एरवी तोडून बोलणारी बाई, पण शब्द सापडायला तिला वेळ लागला.

"काढ," आजी म्हणाली. "मला कपाटात ठेवायला नकोय. मला बघायचंय."

भिंगताईने ड्रायर आणला आणि लांबून गरम हवा सोडली. गोंद सैल पडल्यावर तिने रेशमाचा दोरा पट्टीखाली घातला आणि करवतीसारखा अगदी हळू, मागेपुढे ओढत नेला. एवढ्या वर्षांत तिने कितीतरी नकली नग फोडले होते. अस्सल मोडायची ही पहिलीच वेळ. नवरा कपबशी घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. पट्टी सुटली.

खाली अंगाचाच रंग होता. ना बुबुळ, ना पांढरं. नुसता गुळगुळीत उंचवटा. आजीची नजर अधू. तिला काही दिसलं नव्हतं. ती हिच्या तोंडाकडे बघत होती, आणि हिला तोंड वर करवेना. काय सांगावं याची जुळवाजुळव करायला म्हणून तिने बाहुला उगीचच उजेडाकडे तिरका केला.

आणि रेघ दिसली. अंगाच्या रंगाहून जेमतेम गडद, खाली झुकलेली, उजवीकडे दाट आणि डावीकडे विरत गेलेली. तिच्या खाली पापणीचे केस, एकेक सुटा, भिंगाशिवाय कुणाला दिसू नये इतका बारीक. कडेला, डोळा मिटल्यावर पडते तशी एक हलकी सुरकुती. भिंगताई बघतच राहिली. दुकानाची खिडकी, हे टेबल, हातांखालून गेलेले ते सगळे पहिलवान, असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. बघायला कुणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना कुणीतरी एवढं जपून काढलं होतं. मग तिने भिंग आजीच्या डोळ्याला लावून धरलं.

"आजी, डोळा आहे. पण मिटलेला आहे."

आजीने पुष्कळ वेळ पाहिलं. भिंग तिच्या श्वासाने धुरकट झालं, ते भिंगताईने पदराने पुसलं आणि परत धरलं.

"हेच ते," आजी म्हणाली. "अगं, पट्टीखाली उघडा ठेवला, तर खुपेल ना त्याला."