आम्ही सत्कारमूर्ती

सत्कार करून घेण्याइतका दमवणारा प्रकार दुसरा नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं. नोकरीत असताना स्वतःचा निरोप समारंभ सोडला तर मी कुठल्याच व्यासपीठावर चढले नव्हते, आणि ते बरंच होतं. पण मध्यंतरी एका संस्थेने 'समाजाचं मानसिक आरोग्य जपणाऱ्या व्यक्ती आणि गट' यांना गौरवायचं ठरवलं, त्यात आमच्या धायरीतल्या मूठभर बायका सापडल्या, आणि तिथून मी जी दमले ती अजून दमलेलीच आहे.

आमचा गट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण व्यासपीठावरच्या वक्त्यांना ते शेवटपर्यंत कळलेलं नव्हतं. आम्ही दुपारी देवळाच्या मंडपात बसून भाजी निवडतो. एवढंच. हे सुरू केलं आक्कांनी. आक्का मूळच्या इथल्याच, शेतकरी घरातल्या. शेत बिल्डरला गेलं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत आक्कांना फ्लॅट मिळाला. पुढे नवरा गेला आणि आक्का त्या फ्लॅटचं दार लावून बसल्या, ते कितीतरी महिने. मग एके दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्या मंडपात येऊन बसल्या. का, तर "घरात भिंतीबी बोलाय लागल्या व्हत्या माझ्यासंगं." त्यांना बघून शेजारची एक आली, ती आपली गवार घेऊन आली, आणि मग हळूहळू आम्ही बाकीच्या.

आक्कांचा नियम एकच. आपली भाजी आपण निवडायची नाही. ती शेजारणीपुढे ठेवायची आणि तिची आपण घ्यायची. मी पुण्याच्या जुन्या पेठेतली, त्यामुळे कशासाठी हे विचारणं आलंच. आक्का म्हणाल्या, "तसंच हाय." पुढे माझं मला कळलं. आपली भाजी दुसरीच्या हातात अडकली की मध्येच उठून जाता येत नाही. आणि सगळ्यांच्या नजरा शेपूच्या काड्यांवर असल्यामुळे बोलणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. बाई घरातलं काहीतरी बोलून जाते, दुसरी फक्त "हं" म्हणते. कुणी उपदेश करायला लागली की आक्का तिला म्हणतात, "तू गवार मोड गप."

मी तिथे गेले ती समाजसेवा म्हणून नव्हे. माझ्या नवऱ्याला पार्किन्सन आहे. खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर बारीक काम केलेला माणूस, आता त्याला भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नाही. दुपारी त्याच्याजवळ बसायला एक बाई येते. ते दोन तास माझे. आधी मी त्यात झोपायचे, मग झोपही येईना. छताकडे बघत पडण्यापेक्षा कोथिंबीर बरी, असं म्हणून मी मंडपात गेले. तिथे पहिल्या आठवड्यातच मी म्हणून गेले की मला कधी कधी त्याचा संताप येतो, ह्या थरथरत्या माणसाचा, आणि मग माझा स्वतःचा. शेजारची म्हणाली, "हं." इतकं बरं मला कुठल्या डॉक्टरच्या बोलण्याने वाटलं नव्हतं.

आमच्या इमारतीतली एक मुलगीही यायला लागली. आयटीत नोकरी, बाळंतपणाच्या रजेवर. तिची सासू तिला जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात "सूनबाई" म्हणून हाक मारायची, म्हणून आम्हीही तिला सूनबाईच म्हणायला लागलो. मांडीवर बाळ, पुढ्यात मटार. बरेच दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बाळ रडायला लागलं की मला गॅलरीत जायची भीती वाटते."

कुणी मान वर केली नाही. पुढची शेंग हातात घेऊन ती म्हणाली, "कधी माझी वाटते, कधी त्याची."

माझ्या हातातली शेंग सोलायची राहून गेली. आक्का एवढंच बोलल्या, "रोज येयाचं. चुकवायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर भली होती, बाळंतपणानंतर असं होतं, गोळ्यांनी बरं वाटेल म्हणाली, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. घरी कळता कामा नये, असं सूनबाईचं म्हणणं. सासू वाईट नव्हती, पण 'मानसिक' हा शब्द त्या घरात फक्त दुसऱ्यांच्या मुलींबद्दल वापरला जात असे. म्हणून गोळ्या माझ्याकडे, फ्रिजवर ठेवल्या. ती सकाळी दूध आणायला उतरायची, माझ्या दारात गोळी घ्यायची आणि जायची. घरी सांगितलं होतं की दुपारी भाजी आणायला जाते. सासू खूश होती, कारण भाजी निवडून घरी येत होती. आणि खरोखरच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग यायला लागला होता. हे सगळं नुकतं कुठे रुळत होतं, आणि तेवढ्यात आमचं काम लोकांच्या नजरेत भरलं.

आक्कांचा पुतण्या इथल्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याची त्या संस्थेत कुणाशी तरी ओळख. त्याने आपल्या चुलतीचं कौतुक तिथे सांगितलं, आणि एका दुपारी तो मंडपात येऊन म्हणाला, "आक्का, तुमचा सत्कार हाय. शाल, श्रीफळ, समदं."

"शाल कसली?" आक्कांनी विचारलं.

"चांगली लोकरीची."

"मंग चालंल," म्हणून आक्का पुन्हा लसणाकडे वळल्या. एप्रिल महिना होता.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या भागात सत्कार हा आधी चौकात होतो आणि मग सभागृहात. चौथ्या की पाचव्या दिवशी मुख्य चौकात फ्लेक्स लागला. वर लिहिलेलं, 'मनोरुग्णांच्या आधारवड! हार्दिक अभिनंदन!' खाली आम्ही सगळ्या, एकेका गोलात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलवरून घेऊन आमची तोंडं त्यातून कापली होती. सूनबाई दुसऱ्या ओळीत, टिकली लावून हसत. आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा पुतण्याचा फोटो, हात जोडून.

मी तडक मंडळाच्या कार्यालयात गेले. माझ्या रागाचा पारा बघून पुतण्या आधी खुर्ची पुसायला लागला. "काकू, बसा ना. कसा झालाय? एकीचाबी फोटो राहिला न्हाई बगा." मग त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती आली. "कुनाचा राहिला का?"

त्याचं काय चुकलं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. फ्लेक्सवर एखाद्याचा फोटो राहिला म्हणून इथे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालंय, मंडळं फुटलीत. कुणाला वगळायचं नाही, हा त्या मुलाचा सगळ्यात मोठा चांगुलपणा होता. मी म्हणाले, "नाही राहिला. तीच तर अडचण आहे." त्याने फार आदराने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

संध्याकाळी सूनबाई माझ्या दारात. चेहरा पांढरा. "काकू, आईंनी बघितला फ्लेक्स." मला वाटलं, झालं, आता घरात रामायण. पण झालं ते वेगळंच. सासूने फ्लेक्सपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढला होता आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. आमची सूनबाई मनोरुग्णांसाठी एवढं काम करते आणि घरात एका शब्दाने बोलली नाही, काय हे साधेपण! त्यांनी इमारतीत पेढे वाटले. मलाही दिला. मी तो खाल्ला, दुसरं काय करणार?

पुढचे दिवस मला आठवले तरी थकवा येतो. सूनबाईकडे बायका यायला लागल्या. कुणाचा मुलगा अभ्यास करत नाही, कुणाचा नवरा बोलत नाही, कुणाला नुसतंच बघायचं होतं. सासू सगळ्यांना बसवून सरबत द्यायची आणि सुनेला बोलावून आणायची. मंडपातही नव्या बायका येऊन बसायच्या, रिकाम्या हातांनी, आमच्या तोंडाकडे बघत. सूनबाई आली तर नुसती हसायची. शब्द नाही. आता बोलणार तरी कशी? आधारवड ना ती! मग येणंही कमी झालं. सकाळी मी हातात गोळी घेऊन दारात उभी राहायचे. कधी यायची, कधी नाही. मी वर जाऊन बेल वाजवली की दार सासू उघडायची. "या ना, आत पाहुणे आहेत, सूनबाई त्यांच्याशी बोलतेय." तिच्या खांद्यावरून मला सूनबाई दिसायची, आणि तिच्या मागे उघडी गॅलरी. मी गोळी मुठीत धरून परत यायचे. रात्री नवऱ्याला कूस बदलायला मदत करताना माझं लक्ष वरच्या मजल्यावर बाळ रडतंय का इकडे असायचं.

मी आक्कांना म्हणाले, मी सरळ सासूला सांगून टाकते. आक्का म्हणाल्या, "तिचं हाय ते. तिनंच सांगाया पायजे." मला त्यांचा फार राग आला. बरोबर वागून माणूस मेलं तर काय करायचं, हे त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही, अंगात त्राण नव्हतं.

सत्काराचा दिवस उजाडला. स्वारगेटच्या बाजूचं सभागृह. प्रमुख पाहुणे स्वारगेटच्याच चौकात अडकल्यामुळे आम्ही शाली मिळायच्या आधीच घामाने भिजलो. पाहुण्यांनी आल्याआल्या सांगितलं की पूर्वी एकत्र कुटुंबं होती म्हणून मनाचे आजार नव्हतेच. पहिल्या रांगेत आम्ही सगळ्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या, मुकाट ऐकत होतो. आक्कांना माईकपुढे नेलं. त्या म्हणाल्या, "आमी काय करत न्हाय. भाजी निवडतो." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात.

मग निवेदिकेने सूनबाईचं नाव पुकारलं. 'स्वतःच्या तान्ह्या बाळाला सांभाळत इतरांची मनं सांभाळणारी.' ती वर गेली. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी हसली. खाली येऊन माझ्या शेजारी बसली तेव्हा तिचा गुडघा थरथरत होता, माझ्या नवऱ्याच्या हातासारखा. मी त्यावर हात ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं की आता पुरे. उद्यापासून मंडप नाही, भाजी नाही. एका मुलीला बोलायला जागा होती, ती आम्ही टाळ्या वाजवून काढून घेतली. कुणावर ओरडावं तर समोर सगळी चांगलीच माणसं.

कार्यक्रमानंतर मागच्या बाजूला चहा आणि बटाटेवडे होते. सासू खांद्यावर बाळ घेऊन आमच्या टेबलापाशी आली. बरोबर तिची धाकटी बहीण. खडकीहून मुद्दाम बोलावून घेतलेली. हडकलेली बाई, नजर जमिनीवर.

"ही बघ, आली माझी बहीण," सासू सुनेला म्हणाली. "घरात सगळं छान आहे, तरी जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. हिला म्हटलं, चल, आमच्या सूनबाईलाच भेट. तू तिथे बायकांशी बोलतेस ना, तसं जरा बोल हिच्याशी."

टेबलावरच्या सगळ्यांनी वडे खायचे थांबवले. आक्काही बघत होत्या. मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून तोंड उघडलं, पण त्याआधी सूनबाईने अंगावरची शाल काढली, घडी न करताच खुर्चीवर ठेवली.

"मला काही येत नाही, मावशी," ती म्हणाली. आवाज लहान, पण स्पष्ट होता. "मी तिथे कुणाला आधार द्यायला जात नाही. मी रडायला जाते. बाळ झाल्यापासून मला बरं नाहीये. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. म्हणजे होत्या. ह्या सगळ्यात चुकल्या."

सासू आधी हसली. मीही हसेन म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी हसले नाही. तिने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "अगं, पण फ्लेक्सवर तर..." म्हणाली. मग तिने मला विचारलं, "खरं का हो?" मी हो म्हणाले. ती हळूच खाली बसली आणि बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. तिच्या सुनेला रडू आलं होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

सासूच्या बहिणीने हातातला कप खाली ठेवला. तिने पहिल्यांदाच मान वर करून त्या मुलीकडे नीट बघितलं.

"तिथे रडू देतात?" तिने विचारलं.