वलांडीच्या पलीकडून येणारा बॉल

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मी पोरापोरींना गोलकीपिंग शिकवतो. कीपरसमोर दोघांना ताडपत्री धरायला लावतो आणि मागून बॉल मारतो, म्हणजे मारणाऱ्याचा पाय दिसत नाही. बॉल कुठूनही येईल, दिसला की झेप घ्यायची. परवा एका पालकांनी विचारलं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकलात? मी म्हटलं, बोंबलांच्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

ही सगळी विद्या माझ्या ताईची. लहानपणी आमच्या दारासमोर वाळूत बोंबील सुकवायच्या वलांड्या असत. बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगायच्या. दोऱ्या भरल्या की पडदाच व्हायचा. पलीकडे ताई बोंबील टांगता टांगता मध्येच बॉल मारायची, अनवाणी, डाव्या पायाने. अलीकडे दोन टोपल्यांच्या गोलमध्ये मी. बॉल कधी खालून सरपटत यायचा, कधी डोक्यावरून. तिचा लाडका म्हणजे बांबूवर आपटून भलतीकडेच वळणारा. मी तिची सावली बघून अंदाज बांधायचो आणि तोंडावर पडायचो.

"माज्या पायाचा इचार कशाला करतंस?" ती ओरडायची. "बॉल दिसंल तवाच हल!"

एकदा बॉल दोरीतच घुसला आणि अख्खी ओळ वाळूत पडली. आईने आम्हा दोघांना ते बोंबील एकेक करून धुवायला बसवलं. धुतानाही ताई म्हणतच होती की चूक माझी, मी पुढे येऊन अडवायला हवा होता.

मग ती लग्न होऊन श्रीवर्धनला गेली. मी तालुक्याच्या संघात खेळलो, पुढे शिकवू लागलो. खूप जणांनी माझ्यावर बॉल मारले, पण धावत येणाऱ्याच्या खांद्यावरूनच मला कळायचं तो कुठे मारणार. ताईचं कधीच कळलं नाही. खरं सांगतो, मला तिची आठवण राखीपौर्णिमेपेक्षा मैदानावर जास्त यायची. फोनवर आम्ही मासळीचे भाव बोलायचो. सासरी नांदणाऱ्या बहिणीला, ये आणि एक बॉल मार, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

यंदा शिमग्याला ती आली. आई थकलीय, आता एकच वलांडी उरलीय. ताई सकाळीच पदर खोचून बोंबील टांगायला लागली. मी बॉल तिच्या पायाशी नेऊन ठेवला आणि अलीकडे टोपल्या मांडल्या.

"येडा झालास काय रं? पन्नाशीची बाई मी."

"एकच, ताई."

मी वाकून उभा राहिलो. अगदी तेव्हासारखा. पडद्यामागे बोंबील टांगणं थांबलं.

बॉल आला. दोरीखालून, सरळ, अगदी हळू, माझ्या दोन पायांच्या मध्ये. मी नुसता वाकून उचलला. इतका सोपा बॉल तिने आयुष्यात मला दिला नव्हता.

बोंबील बाजूला सारून ती बघत होती, माझ्या गुडघ्याकडे. ऑपरेशननंतर तिथे पट्टा असतो.

"झेप घेतली असतीस आनि परत गुडघा गेला असता, मंग?"

मला रडूच आलं. मी बॉल परत तिच्याकडे ढकलला. "ह्यो न्हाय ताई. बांबूवरचा मार."

मी पुन्हा वाकून उभा राहिलो. ती वलांडीला वळसा घालून आली, बॉल हाताने उचलला, त्याची वाळू पदराने पुसली आणि माझ्या हातात आणून दिला.