इंजिन बंद करायचं नव्हतं

बिरदेव पुकळेला आगीची भीती वाटायची, आणि तो आगीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ही गोष्ट त्याने बरीच वर्षं कुणाला कळू दिली नाही.

तो आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या शिवारांत उतरायचं, पाऊस आला की माघारी फिरायचं, यातच त्याचं लहानपण गेलं. पुढं तो दुष्काळी गावांना पाणी पोचवणाऱ्या टँकरवर बसला, अवजड गाडीचं लायसन काढलं, आणि महामार्गालगतच्या एका औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात भरती झाला. नोकरी लागल्याचं सांगायला गावी गेला तेव्हा आई दगडाबाई म्हणाली, "म्हंजे तिथंबी पाणीच वाहायचं न्हवं? मग बरं हाय." त्यालाही तसंच वाटलं होतं.

तो समज पहिल्याच हंगामात गेला. पेटलेल्या उसाच्या फडाला पाणी मारायला गाडी रस्त्यात उभी होती, आणि जाळ एकाएकी रस्ता ओलांडून पलीकडच्या फडात गेला. दोन्ही बाजूंनी ऊस तडतडत होता, मधे बिरदेव. गाडीचा पत्रा हाताला चटका देऊ लागला होता. त्याने गाडी उलटी काढली, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून घंटा वाजली की त्याच्या गुडघ्यांतलं बळ जायचं. पायऱ्या चढून केबिनमध्ये बसेपर्यंत ते परत यायचं. घरी बायकोने, शालनने, विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "पाणी मारलं, आलो."

केंद्रात दोन गाड्या होत्या. एक साधी, पाण्याची. दुसरी फोमची, जिला सगळे 'थोरली' म्हणायचे. तेलाच्या, रसायनाच्या आगीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, म्हणून थोरलीच्या पोटात पाण्याच्या टाकीला लागून फेसाच्या द्रावणाची टाकी होती, आणि टपावर पाण्याची तोफ. गाडीच्या पाठीमागे पंपाचा फलक होता, त्यावर घड्याळं आणि चाकं. पंप गाडीच्या इंजिनावरच फिरायचा. इंजिन थांबलं की पाणी थांबलं. बिरदेवची जागा त्या फलकापुढं. आत जाणारी माणसं पुढं, आगीच्या तोंडाशी. हा मागे, त्यांना पाणी पुरवत. त्यांचा चेहरा त्याला दिसायचा नाही, फक्त पायांशी फुगलेला पाइप दिसायचा.

उसाच्या तोडी जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी कोवळं ऊन पडलं होतं, शेतांवर धुकं रेंगाळत होतं. उंब्रजच्या अलीकडे महामार्गावरून सेवा रस्त्यावर उतरताना स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर उलटला, अशी वर्दी आली. आग नव्हती. गळती होती.

"आग नाही म्हणून खूश होऊ नका," स्टेशन ऑफिसर विश्वजित घोरपडे गाडीत चढता चढता म्हणाले. साताऱ्याचा माणूस, बोलणं मोजकं. "आग लागलेली परवडली. हा कधी पेटेल ते सांगता येत नाही."

केबिनमध्ये मधे पल्लवी कणसे बसली होती. दलात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, पण हात खंबीर होता. ती उंब्रजजवळचीच. "साहेब, तिथं खाली ओढा आहे," ती म्हणाली. "आणि ओढ्याच्या कडेला गुऱ्हाळ. आता ते चालू असणार."

गॅस हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा उताराने वाहतो, खळग्यात साचतो. आणि गुऱ्हाळाचं चुलाण दिवसभर धडधडत असतं.

पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक अडवली होती. टँकर कुशीवर पडला होता, आणि मागच्या झडपेतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिथून पांढरं काहीतरी जमिनीलगत सरपटत ओढ्याकडे निघालं होतं. घोरपडेंनी वारा बघितला, आणि वाऱ्याच्या पाठीकडून, टँकरपासून लांब, थोरली उभी करायला लावली. एका पोलिसाला आणि दोन फायरमनना लांबच्या वाटेने गुऱ्हाळाकडे पिटाळलं. जाताना सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. आत वायरलेससुद्धा वापरायचा नव्हता. एखादी ठिणगी पुरली असती.

"पांढरं दिसतंय ते धुकं," त्यांनी जाता जाता बिरदेवला सांगितलं. "गॅस त्याच्याही पुढे असतो, तो दिसत नाही. पुकळे, काही झालं तरी आमच्यावरचा फवारा तुटू द्यायचा नाही. इंजिन बंद करायचं नाही."

"व्हय साहेब."

घोरपडे आणि पल्लवी पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडाला मुखवटे लावून आत निघाले. पुढे उरलेल्या दोघा फायरमननी पाण्याचे दोन पाइप धरले होते, छत्रीसारखा पसरट फवारा करून. त्या फवाऱ्याच्या आडोशाने झडपेपर्यंत पोचायचं, तिच्यावर पकड बसवून ती आवळायची, असा बेत होता. फवारा गॅसला उडवून लावतो, माणसाला झाकतो. तो आहे तोवर माणूस आहे.

बिरदेव फलकापुढं उभा राहिला. दाबाचा काटा जागेवर होता. त्याने गाडीच्या पत्र्याला खांदा टेकवला. इंजिन घरघरत होतं, एकसुरी, आणि त्या आवाजाचा त्याला आधार वाटत होता.

थोड्या वेळाने ओढ्याच्या पलीकडून कुणीतरी पांढरं फडकं हलवलं. गुऱ्हाळाचं चुलाण विझलं होतं. बिरदेवने श्वास सोडला. सोडला, आणि गालाला काहीतरी गार लागलं.

वारा होता. मघापासून पाठीवर लागत होता, आता समोरून येत होता.

त्याने वाकून गाडीच्या कडेने बघितलं. ओढ्याकडे चाललेलं पांढरं थबकलं होतं, आणि आता रस्त्यावर चढून, गवत झाकत, त्याच्याच दिशेने येत होतं. घाई नव्हती त्याला. मेंढरांच्या कळपाने रस्ता ओलांडावा तसं ते पसरत येत होतं. साहेब म्हणाले होते, दिसतं त्याच्या पुढं न दिसणारा असतो. मग तो कुठवर आला असेल? पायांशी? बिरदेवने खाली बघितलं. खाली नुसता ओला डांबरी रस्ता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला.

बिरदेवने काही हलवलं नव्हतं. तरी इंजिन चढत होतं, कुणी ॲक्सिलरेटर दाबावा तसं. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं त्याला: डिझेलच्या इंजिनाने हवेबरोबर गॅस ओढला की ते आपोआप पळू लागतं, मग आवरत नाही, आणि तिथूनच भडका होतो. वर्गात बसून ऐकताना ते ठीक वाटलं होतं. आता ते त्याच्या कानाशी होत होतं.

हात फलकाशेजारच्या, इंजिनाची हवा तोडून ते बंद करायच्या दांड्यावर गेला. दांडा ओढला की इंजिन थांबेल, ठिणगी टळेल, आपण पळू. आणि आत झडपेपाशी ओणवी झालेली माणसं, त्यांच्यावरचा फवारा गळून पडेल. घोरपडे साहेबांची मुलगी दहावीला होती. पल्लवीने काल डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला दिली होती. हे सगळं त्या क्षणी का आठवलं, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

"आई गं," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

हात दांड्यावरून सुटला. त्याने फलकावरचं तोफेचं चाक फिरवलं. वर, टपावर, पाणी उसळल्याचा धडका ऐकू आला. मग तो शिडीला लटकला. पाय दोनदा घसरला, नडगी फुटली. टपावर पोचून त्याने तोफेचं तोंड पसरट फवाऱ्यावर वळवलं आणि ती गाडीच्या पुढ्यात, येणाऱ्या पांढऱ्यावर झुकवली. पाण्याचा पडदा उभा राहिला. पांढरं त्यावर आपटलं, फाटलं, वर उडालं. टपावरून त्याला सगळं दिसत होतं, आणि तेच वाईट होतं: रस्ता नव्हता, कडेचे मैलाचे दगड नव्हते, सगळं पांढऱ्यात बुडालेलं, आणि त्यात टँकरचं नुसतं पोट वर आलेलं. त्याने तोफ त्याच जागी कसून ठेवली.

इंजिन हळूहळू खाली आलं. घरघर पुन्हा एकसुरी झाली.

पण टपावर तोफ चालली म्हणजे तेवढं पाणी आतल्यांचं कमी झालं. दोन्हीकडे पुरेल एवढी पंपाची ताकद नव्हती. बिरदेवला हे चाक फिरवतानाच ठाऊक होतं. तो खाली उतरला आणि दाब जेवढा चढवता येईल तेवढा चढवला. काटा आधीच्या जागेपर्यंत काही गेला नाही. तो काट्याकडे बघत राहिला. किती वेळ, कळलं नाही. मग शिट्टी थांबली. झडपेचा तो आवाज, जो सकाळपासून चालू होता, एकदम थांबला, आणि त्या शांततेनेच तो दचकला.

पाण्याच्या आडून चौघं चालत आले. घोरपडेंनी पल्लवीचा दंड धरला होता. तिने उजवा हात पोटाशी घट्ट धरला होता, आणि मुखवट्याच्या काचेतून तिचे डोळे बिरदेवला दिसले.

फवारा पातळ झाला त्या वेळी झडपेतून द्रव गॅसचा फटका तिच्या हातमोज्यावर बसला होता. तो गॅस इतका गार असतो की भाजल्यासारखी जखम होते. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. तरी तिने पकड सोडली नव्हती.

कराडच्या दवाखान्यात बिरदेव तिला भेटायला गेला. शालनने भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती. डबा त्याने खुर्चीवर ठेवला आणि तो उभाच राहिला.

"पाणी का कमी केलंत काका?" पल्लवीने विचारलं. तिच्या आवाजात राग होता.

"वारं फिरलं. इंजिन पळाय लागलं हुतं."

"ते साहेबांनी सांगितलं. तुम्ही बरोबर केलंत म्हणाले. गाडी पेटली असती तर आपण कुणीच राहिलो नसतो. पण आत मला काय कळणार? मला वाटलं, तुम्ही पळालात."

बिरदेवने खुर्चीवरचा डबा उगीच सरळ केला. मग म्हणाला, "पोरी, खरं सांगू का? तुमच्यासाठी क्येलं का माझ्यासाठी क्येलं, मलाच ठाव न्हाई. मी लय भ्यालो हुतो. दांड्यावर हात गेलता माझा."

"ओढला का?"

"न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली, पण चेहरा सैल झाला नाही. थोड्या वेळाने तिने डबा उघडायला सांगितला, आणि डाव्या हाताने जेवली. जेवता जेवता म्हणाली, "मीपण भ्याले होते. मुखवट्यात रडत होते. काच धुरकटली त्याने."

बिरदेवने तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की भिणारा केंद्रात आपण एकटाच.

घरी मात्र ती भीती गेली नाही. शालनने शेगडी पेटवायला लायटर वाजवला की तो उठून अंगणात जायचा. ती काही विचारायची नाही. चहा झाला की हाक मारायची. एका संध्याकाळी त्याने आपण होऊन तिला सगळं सांगितलं, उसाच्या फडापासून. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आवं, मग सोडा की ही गाडी. साध्या गाडीवर द्या म्हणावं."

त्याने घोरपडेंना तसं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "देतो. पण थोरलीवर दुसरा माणूस तयार होईपर्यंत थांबा." बिरदेव थांबला. दुसरा माणूस तयार झाला, आणि बिरदेवने पुन्हा काही विषय काढला नाही. साहेबांनीही काढला नाही.

पल्लवी उन्हाळ्याच्या तोंडावर कामावर आली. दोन बोटांच्या टोकांना अजून नीट जाण नव्हती. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, म्हणाली. पहिल्या दिवशी ती थोरलीच्या मागे येऊन उभी राहिली, फलकावरचं तोफेचं चाक कुठलं ते विचारलं, आणि स्वतःच्या हाताने फिरवून बघितलं.

त्याच आठवड्यात वर्दी आली: शिराळ्याच्या रस्त्याला टँकर उलटला. कसला, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बिरदेवचे गुडघे गेले. पायऱ्या चढताना ते नेहमीसारखे परत आले नाहीत. त्याने दोन्ही हातांनी दांडी धरून स्वतःला वर ओढलं. वाटेत पल्लवीने हातमोजा दोनदा काढून पुन्हा घातला.

वळण घेतल्यावर समोर दिसलं, आणि बिरदेवने ब्रेकवर पाय दिला. रस्ता पांढरा होता. कडेच्या चारीतून पांढरं वाहत होतं. मग चारीच्या काठाला ओळीने बसलेली कुत्री दिसली, मान खाली घालून चाटत असलेली. एक म्हातारी कळशी भरून घेत होती.

"दूध हाय!" बिरदेव म्हणाला. "आरं, दूध हाय गड्या!"

केबिनमध्ये सगळे एकदम हसले. पल्लवी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी सगळे खाली उतरले. टँकरचा ड्रायव्हर बांधावर डोकं धरून बसला होता, त्याला कुणीतरी पाणी दिलं. रस्ता निसरडा झाला होता, तो धुवायला पाइप काढले. बिरदेवला खाली उतरून फलकापुढं जायचं होतं, पण तो गाडीच्या पायरीवरच बसला. हात मांड्यांमध्ये दाबून धरले तरी थरथरत होते.

"काका, पाणी सोडा," पुढून पल्लवीची हाक आली.

"सोडतो," तो म्हणाला. "जरा दम धर."

थरथर कमी झाली तेव्हा तो उठला आणि गाडीच्या मागे गेला.