फळीवरचे आबा

आमच्या आबांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, पण समुद्रावरच्या शर्यतीत कसं उभं राहायचं हे मला त्यांनीच शिकवलं. हे मी प्रशिक्षकांसमोरही ठणकावून सांगत असे. ते हसत. हसू देत.

आबा म्हणजे माझे थोरले काका. एरंडोलजवळ आमची काळी जमीन. नांगरटीनंतर ढेकळं फोडायला बैलांमागे लाकडी फळी जुंपतात आणि वजनासाठी माणूस तिच्यावर उभा राहतो. आबा कासरे धरून मागे असे रेलत, की आता पडलेच असं वाटावं. साठी उलटली तरी पडले मात्र नाहीत. बारावीला आपटलो त्या उन्हाळ्यात त्यांनी मला फळीवर चढवलं. मी धडाधड पडायचो. "गुडघा ढिला ठेव, भो. जमीनशी भांडू नको," एवढंच ते म्हणत. पुढे लष्करात गेलो. पुण्याजवळच्या धरणावर आम्हाला शिडाच्या फळीवर, म्हणजे विंडसर्फिंगसाठी, उभं केलं, तेव्हा बाकीचे सगळे पाण्यात आणि मी वर. हातात कासऱ्याऐवजी शिडाची दांडी, एवढाच काय तो फरक.

आबा बढाईखोर नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी माझी निवड झाली, तेव्हा मी पदक घेऊनच येणार असं पार धुळ्याच्या बाजारापर्यंत त्यांनी सांगून ठेवलं, "तो पदक लिसनच ई. लिखी ठेवा."

एका बाबतीत मात्र ते फार कडक. फळी शेजाऱ्याच्या बांधाला घासली, तर बैल थांबवून हाताने बांध सारखा करत. "कोण बघतंय, आबा?" मी एकदा विचारलं. "मी शे ना आठे," स्वतःच्या छातीवर बोट ठेवत ते म्हणाले.

पुरुषांच्या शिडाच्या फळीच्या सात शर्यती होत्या. सातही शर्यतींतल्या क्रमांकांची बेरीज करून एकूण क्रमांक ठरणार होता. सहा झाल्या तेव्हा मी तिसरा होतो. सातवीत शेवटच्या वळणावर माझं शीड तरंगत्या खुणेला निसटतं लागलं. त्या वेळचा नियम असा, की खुणेला लागलात तर तिला पुन्हा वळसा घालायचा. पंचांची बोट लांब होती. कुणीच पाहिलं नव्हतं. मी वळसा घातला. तेवढ्यात तिघे पुढे निघून गेले आणि मी एकूण पाचवा आलो.

गावी सगळ्यांना 'वारा पडला' असं सांगितलं. आबांना मात्र गोठ्यात नेऊन खरं ते सांगितलं. शाबासकीची खात्रीच होती. ते खाली बसले आणि उपरणं डोळ्यांना लावलं. "बरं करं तू," म्हणाले. मग उपरणं खाली घेत, "पन माले पदक जोयजे व्हतं रे." आबा मला त्या वेळी जितके आवडले, तितके कधीच आवडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते छाती काढून बाहेर पडले. "आमना पोऱ्या पाचवा उना. बठ्ठा देशस्मा पाचवा." पदकाचं कुणी विचारलं, की बोटाचं पेर दाखवत शीड किती लागलं ते सांगत आणि मग वळशाची सगळी हकीकत. ऐकणाऱ्याची सुटका नसे.

दोन वर्षांनी आबा गेले. मी सीमेवर होतो, पोचलो तो तिसऱ्या दिवशी. ओट्यावर धुळ्याचे एक म्हातारे व्यापारी बसले होते. मी त्यांना ओळखत नव्हतो. "मी पुतण्या," एवढंच म्हणालो. ते काठी टेकत उठून उभे राहिले.

"तो पाचवा तूच शे का?"

हो म्हणालो, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.