मोकळी फळी

मामा गेला तेव्हा माझा फोन मुका होता. कॉलेजच्या ग्रंथालयात मी तो कायम तसाच ठेवते. दुपारी डबा खायला उठले तेव्हा मामीचे सात कॉल दिसले... सकाळी दुकानात रंधा मारता मारता मामा खाली बसला तो उठलाच नाही, आणि मी आवाज बंद करून पुस्तकं लावत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. माझी ही शांततेची आवड मामाला पूर्वीही एकदा महागात पडली होती. ते आता लिहिलं पाहिजे.

यशवंतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पेठ तालुक्यातल्या गावातून नाशिकला आला, सुतारकाम शिकला आणि त्यातच रमला. माझ्या एम.ए.च्या वर्षी त्यानं मला पुस्तकांसाठी सागाचं कपाट करून दिलं. दाराच्या फळीएवढा रुंद साग मिळेना, म्हणून चार अरुंद पट्ट्या कडेला कड लावून जोडायच्या होत्या. ते काम मी दुकानात बसून पाहिलं. पट्ट्या शेजारी मांडून त्यानं सगळ्यांवरून पेन्सिलीनं एक मोठा त्रिकोण काढला, म्हणजे उचलल्या तरी क्रम चुकायचा नाही. कडांना गम लावून भोवती लोखंडी शिकंजे आवळले तेव्हा सांध्यांतून पांढरे मणी बाहेर आले. ते ओल्या फडक्यानं पुसत तो म्हणाला, "हा सांधा तुझ्या नातवंडांपर्यंत सुटायचा नाय." पण तीच फळी दाराच्या चौकटीच्या खाचेत बसवताना त्यानं गमाचा थेंबही लावला नाही.

"मामा, ही हलतेय."

"हलू दे. उन्हाळ्यात आक्रसणार, पावसाळ्यात फुगणार. तिला जागा नको?"

आमचं घर नाशिकच्या द्वारका चौकाजवळ. रस्त्यावरून ट्रक गेला की फळी खाचेत खडखडायची. परीक्षा तोंडावर आलेली, एकेक ओळ तीनतीनदा वाचावी लागे. शेवटी एक दिवस, कपाट बसवताना मामा घरी विसरलेली गमाची बाटली घेतली आणि आगकाडीनं चारही बाजूंच्या खाचेत गम भरला. कपाट गप्प झालं. एप्रिलमधल्या एका दुपारी काडकन आवाज झाला आणि फळी वरपासून खालपर्यंत फाटली.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लगेच मामाला बोलावून घेतलं. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं. सांधे शाबूत होते, त्यांच्या शेजारचं लाकूड फाटलं होतं. मग त्यानं चौकट खोलली, खाचेत पाहिलं आणि थांबला. मी पुस्तकात डोकं घातलं...

"दाजी, माझंच चुकलं," तो म्हणाला. "लाकूड ओलं होतं."

दोन वर्षं सावलीत रचून वाळवलेलं लाकूड होतं ते. पुढच्या आठवड्यात नवी फळी बसवून निघताना तो मला दारात हळूच म्हणाला, "आता वाजली तर वाजू दे, काय?" त्याला सगळं ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल.

त्यानंतर दर दिवाळीला अण्णांचं ठरलेलं. "काय मेव्हणेबुवा, यंदा किती ओली दारं विकली?" मामा लाडू मोडत म्हणायचा, "दाजी, लाकूड वाळलेलंच असतंय. तुमच्या घरात आलं की त्याला रडू येतंय." सगळे हसायचे. मीही हसायची. पुढे काकांनी घर बांधलं तेव्हा अण्णांनी तिथलं सुतारकाम दुसऱ्याला द्यायला लावलं. "तो ओलं लाकूड घालतो," म्हणाले. मी शेजारच्या खोलीत होते. त्या दिवाळीलाही मामा आला, लाडू खाऊन, हसून गेला. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी दोनदा त्याच्या दुकानात गेले आणि चहा पिऊन परत आले.

तेराव्यानंतर मामीबरोबर दुकान आवरायला गेले. शिकंज्यांच्या वर, खिळ्याला, ती फाटलेली फळी टांगलेली होती. कडेनं वाळलेल्या गमाची रेघ, आणि एका कोपऱ्यात रुतलेला आगकाडीचा तुकडा.

"नवा कारागीर आला की हे ही फळी त्याला दाखवायचे," मामी म्हणाली. "अशी चिकटवायची नाय म्हणून. कोणी केलं विचारलं की म्हणायचे, हाय एक वाचणारं माणूस, त्याला आवाज सहन होत नाय."

"पण मला ती इथं कधी दिसली नाही, मामी."

"तू येणार म्हटलं की तेवढी उतरवून मागं ठेवायचे. का, ते कधी बोलले नाय."

फळी घरी आणली आणि अण्णांच्या मांडीवर ठेवली. "अण्णा, हा गम मी भरला होता. मामाचं लाकूड ओलं नव्हतं." अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत, नजर अधू झालीय. ते बराच वेळ बोटांनी कड चाचपत राहिले. आगकाडीपाशी बोट थांबलं.

"मी दर दिवाळीला त्याला बोलायचो," ते म्हणाले. "तू तिथंच असायचीस ना?"

मी हो म्हटलं. 

हल्ली दुपारी अण्णा माझ्या खोलीत येऊन बसतात. खालून ट्रक जातो, कपाटाची फळी खाचेत खडखडते, मी पुस्तकातून डोकं वर काढते... मग ती थांबते. आणि आम्ही दोघं पुढच्या ट्रकची वाट बघत राहतो.