सासूबाईंना नमस्कार

लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या पारख्याचं नाव मी विचारलंच नाही. सासूबाईंचा जुना हिरा नातीच्या अंगठीत बसवायचा होता. दुकानात एवढे दिवे असून तो हिरा घेऊन खिडकीशी गेला. म्हणाला, "दिव्याखाली सगळेच देखणे दिसतात." मग हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडली, भिंग लावलं आणि स्वतःशीच हसला.

"हाताने पाडलेले पैलू आहेत, आजी. असा आता मिळत नाही. पण कडेचा टवका उडालाय. कुणीतरी काच कापून पाहिलेली दिसते. आणखी धक्का बसला तर चीर जाईल."

ती कुणीतरी म्हणजे नवी नवरी मी! हिरा खरा का खोटा, म्हणून खिडकीच्या काचेवर घासला होता. इतकी हुशार मी पुन्हा कधीच झाले नाही.

"सासूबाईंनी केलं असेल," मी म्हटलं.

नात म्हणाली, "काका, सोन्याच्या चार नख्यांत बसवा. सगळा दिसायला हवा. मी ट्रेकलाही घालणार."

"बसवतो की. तुम्ही गडावरून खाली याल, हिरा वरच राहील."

नात खळखळून हसली आणि बंद कोंदणाला तयार झाली. सोन्याची कड सगळीकडून फिरली, टवका तिच्याखाली गेला. अंगठी देताना तो माझ्याकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "सासूबाईंना माझा नमस्कार सांगा."

मी तो तिथल्या तिथे, अगदी सासूच्या ऐटीत स्वीकारला.