बिनटाइमाचा भोंगा

सगळ्यांना जयभीम, नमस्कार. या सदरात लोक भुताखेताचं लिहितात ते मी वाचतो. खरं सांगू? त्यातलं बरंचसं मला थापा वाटते. राग मानू नका. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरी भिंतीवर होत्या. देव नाही, अंगात येणं नाही, लिंबू-मिरची नाही. मी जन्मभर मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली ड्रिल मारली. भूत असतं तर तिथल्या अंधारात पहिले मलाच भेटलं असतं. चौथी शिकलेला माणूस आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तरी लिहून राहिलो... कारण हे जिच्यासोबत झालं ती माझी बायको शेवंता मागच्या उन्हाळ्यात गेली.

कारगिलची लढाई सुरू होती. गोंदिया नुकताच आपल्या भंडाऱ्यातून वेगळा निघाला होता. आम्ही चिखल्याला, खाणीच्या कॉलनीत राहत होतो. पोरगा मनोज एअरफोर्समध्ये. लोकांना वाटे पायलट आहे. पायलट नाही — हेलिकॉप्टरच्या दाराशी मशीनगन धरून बसणारा, पहाडावरच्या चौक्यांना रेशन न् दारूगोळा उतरवून देणारा. "गोळी आली का पहिले दारातच येते," असं त्यानंच सुट्टीत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून बातम्या लागल्या की शेवंता टीव्ही बंद करे. म्हणे, "नवरा जमिनीखाली, पोरगा आभाळात. मधात मी एकटी. दोघायपैकी एकाले तरी धड जमिनीवर काम भेटलं नाही काय?"

आमच्या कॉलनीत घड्याळ कोणी पाहत नसे. खाणीचा भोंगा वाजला की शिफ्ट, भोंगा वाजला की चुलीवर भात. किती चांगले दिवस होते ते! मनोज लहानपणी टेंभरं खायला जंगलात पळे न् तिकडेच हरवे. शेवंतानं त्याला पढवून ठेवलं होतं — "रस्ता भुलला तं भटकू नोको. जागीच बस. भोंगा वाजला का त्या आवाजाकडे चाल." सगळ्याच बाया आपापल्या पोट्ट्यांना हेच सांगत.

पण बिनटाइमाचा भोंगा म्हणजे खाली अपघात. तो वाजला की बाया हातातलं टाकून गेटावर धावत.

त्या दिवशी मी खाली होतो. भर दुपारी वरून घंटी आली — सगळे वर या. वर आलो तर गेटावर बायांची ही गर्दी! जी ती आपल्या नवऱ्याला पाहून रडून राहिली. त्या गर्दीत शेवंता, केस सुटलेले, पायात चप्पल नाही. मी धावत गेलो. तर ही मला म्हणते —

"तुम्ही काहून वर आले?"

"काहून म्हणजे? भोंगा वाजला ना! कोणी वाजवला?"

"मी. पण तुमच्यासाठी नाही वाजवला."

भोंग्यावरचा टीकाराम हात चोळत आला. "भाऊ, मी डबा खाऊन राहिलो होतो. वहिनी सरळ भोंग्याच्या खोलीत आल्या न् दांडा ओढला. मी दांड्यावरून त्यायचा हात सोडवला तं मले ढकललं न् पुन्हा ओढला. हे पाहा नखं! वाघीण पोसली का घरात?"

एक बाई ओरडली, "एवढी हौस आहे तं भोंगा घरी नेऊन टांग बाई! माहा जीव जात होता!"

खाणीच्या साहेबांपुढे मी हात जोडले. घरी येताना विचारलं तर म्हणाली, "मनोज रस्ता भुलला."

"कुठं?"

"मले काय माहीत कुठं."

"मग कोणी सांगितलं तुले?"

"कोणीच नाही. तांदूळ निवडत होती. उठली न् गेली."

पोराच्या काळजीनं हिचं डोकं फिरलं, असं कॉलनी म्हणाली. मलाही तेच वाटलं.

काही दिवसांनी जवळच्या गोबरवाही गावातल्या एसटीडी बूथवर मनोजचा निरोप आला — हात मोडला आहे, बाकी ठीक, मायला सांगू नका. हिवाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं. सामान उतरवून परतताना हेलिकॉप्टरला मार लागला. बर्फाच्या उतारावर आदळले. दोन्ही पायलट साहेब जखमी, उठता येईना. रेडिओ बंद. मदत आणायला हा एकटा निघाला न् ढग उतरला. स्वतःचा हात दिसेना. एका बाजूला आपली चौकी, दुसऱ्या बाजूला दुश्मन. कोणती बाजू कोणाची, समजेना. हा जागीच बसला.

"मंग माय, भोंगा आला."

मी हसलो. "कायचा भोंगा?"

"आपला. खाणीचा."

"वारा असेल बे."

"मलेही तसंच वाटलं. पण बाबा, वारा असा करते काय? वाजला... मधातच कोणी तोंड दाबल्यासारखा बंद... न् पुन्हा लागला, लांबलचक. मी त्याच्याकडेच चालत गेलो. आपली चौकी लागली. दोन्ही साहेब जिवंत निघाले."

गेटावरचा तो तमाशा आम्ही शरमेनं त्याला कधी कळवलाच नव्हता. मी दिवस विचारला. तोच दिवस होता! शेवंता एवढंच बोलली, "भात घे. थंडा होऊन राहिला."

फौजी डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, तेवढ्या उंचावर हवा विरळ, कानात आवाज येतात. येत असतील. पण टीकारामनं हात सोडवला तेवढी मधातली फट त्याच्या कानात कशी आली?

मी तिला कितीदा विचारलं. ती चिडे. "आला ना घरी? मंग कायले खोदता? खाणीत खोदलं तेवढं पुरलं नाही काय?"

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात मी तिच्या खाटेलाच टेकून पेपर वाचत बसलो होतो. नर्स आली, हिचा हात धरला न् मला म्हणाली, "बाबा, आजी गेल्या." कधी गेली, मला कळलंच नाही. पान उलटवत होतो मी.

तिला त्या पहाडातलं कळलं. मला हातभरावरचं कळलं नाही. भोंग्याचं उत्तर मला आजही सापडलं नाही, न् आता ते राहू द्या. पण हे दुसरं... हे असं काहून झालं, कोणाला माहीत असेल तर मला सांगा.